चुंबकाच्या लाटांनी डेटा सेंटर थंड होणार नाही, तरी त्यांच्यावर पैसा घाला

नवी मुंबईतल्या ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटरं उभी राहायला लागल्यापासून आमच्याकडे एक वाद कायमचा पेटलेला आहे, यांना वीज किती लागते, पाणी कुठून येतं आणि त्यातून आपल्याला काय मिळतं. वाद चांगला आहे, व्हायलाच हवा. पण हल्ली त्यात एक नवीनच पात्र घुसलंय. सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी व्हिडिओ टाकतं की आता कॉम्प्युटर करंटवर चालणारच नाहीत, चुंबकातल्या लाटांवर चालतील, त्यात इलेक्ट्रॉन हलतच नाही म्हणून उष्णता नाही, उष्णता नाही म्हणून एसी नाही, एसी नाही म्हणून पाणी नाही, झालं, प्रश्न मिटला. लगेच पलीकडून एखादे रिटायर्ड काका उत्तर देतात की हे सगळं प्रयोगशाळेतलं खेळणं आहे, वर्षानुवर्षं ऐकतोय, सरकारने यावर एक रुपया घालू नये, आधी साधी चिप तरी बनवून दाखवा. मग दोन दिवस मेसेजचा पाऊस. मला विचाराल तर दोन्ही बाजू एकाच चुकीच्या प्रश्नावर भांडतायत, की ही लाट सिलिकॉनची जागा घेणार की नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो. घेणार नाही, निदान ऐरोलीच्या डेटा सेंटरात तरी नाही. आणि तरीही या विषयात आपण आत्ता, इथे पैसा आणि माणसं घालायला हवीत, कारण या लाटांचं खरं काम कॉम्प्युटरच्या पोटात नाहीच, जिथे सिग्नल मुळातच लाट म्हणून येतो तिथे आहे, म्हणजे मोबाइलच्या अँटेनामागे, टॉवरवर, रडारमध्ये.

आधी ही भानगड काय आहे ते नीट बघू, कारण व्हिडिओवाले ते सांगत नाहीत. लोखंडासारख्या चुंबकी पदार्थात एकेका अणूला स्पिनमुळे, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या अंगच्या फिरकीमुळे, आलेलं बारीकसं चुंबकत्व असतं आणि ते सगळे एका दिशेला तोंड करून असतात. त्यातला एक जरा कलला की तो चुंबकी क्षेत्राच्या दिशेभोवती गोल डोलायला लागतो, शेजाऱ्यालाही डोलायला लावतो, तो त्याच्या शेजाऱ्याला, प्रत्येकजण आधीच्यापेक्षा किंचित मागे. हे डोलणं पदार्थातून पुढे सरकत जातं, अणू मात्र जागेवरच, इलेक्ट्रॉनही जागेवरच. ही स्पिन वेव्ह. फेलिक्स ब्लॉखने १९३० साली ही कल्पना मांडली, आणि या लाटेच्या सगळ्यात लहान पुडीला मॅग्नॉन म्हणतात. करंट वाहत नाही म्हणून तारेतल्या रोधामुळे होणारी उष्णता नाही, इथपर्यंत व्हिडिओ बरोबर आहे. या खेळासाठी सगळ्यात उत्तम पदार्थ म्हणजे इट्रियम आयर्न गार्नेट, या धंद्यातले लोक त्याला यिग म्हणतात, १९५६-५७ च्या सुमारास सापडलेला, वीज न वाहू देणारा. परमॅलॉयसारख्या धातूत ही लाट काही मायक्रॉन जाऊन विझते, यिगमध्ये ती शेकडो नॅनोसेकंद टिकते आणि मिलिमीटरच्या हिशेबात अंतर कापते. आणि अजून एक गोष्ट, जी पुढे कामाला येणार आहे. ५ गिगाहर्ट्झची रेडिओ लहर हवेत ६ सेंटीमीटर लांब असते, तेवढ्याच फ्रीक्वेन्सीची स्पिन वेव्ह मायक्रॉनच्या घरात किंवा त्याहूनही आखूड करता येते.

गणित कसं करायचं हे तर फारच देखणं आहे, आणि इथे माझ्यासारखा शंकेखोर माणूसही जरा पाघळतो. लाट वरून सुरू झाली तर तिला ० म्हणायचं, खालून सुरू झाली तर १. अशा तीन लाटा तीन वाटांनी आणून एका जागी मिळवल्या की दोन एका तालात आणि एक उलटी असेल तर उलटीचं काही चालत नाही, पुढे जाते ती बहुमताची लाट. आता शाळेतली बेरीज आठवा, पण ० आणि १ ची. तीन आकडे मिळवताना हातचा १ कधी येतो? तिन्हीपैकी किमान दोन १ असतील तेव्हाच. म्हणजे हातचा काढणं हे मुळात बहुमत मोजणंच आहे! सिलिकॉनमध्ये हातचा आणि बेरीज काढणाऱ्या एका साध्या फुल ॲडरला साधारण २८ ट्रान्झिस्टर लागतात, इथे हातच्यासाठी तीन फाटे एकत्र येणारा गार्नेटचा एक तुकडा पुरतो. आणि हे फक्त कागदावर नाहीये. जर्मनीत कायझर्सलाउटर्नच्या विद्यापीठात चुमाक, सर्गा, हिलेब्रांड्स या मंडळींनी २०१४ मध्ये मॅग्नॉनने मॅग्नॉन अडवणारा ट्रान्झिस्टर दाखवला, २०१७ मध्ये यिगवर बहुमताचं गेट चाललं, २०२० मध्ये ३५० नॅनोमीटर रुंदीच्या वाटांचा कपलर (एका वाटेतली लाट शेजारच्या वाटेत सोडणारा जोड) बनवून त्यावरून हाफ ॲडरचं, म्हणजे फक्त दोन आकडे मिळवणाऱ्या गेटाचं, डिझाइन मांडलं गेलं. आपल्याकडे कोलकात्याच्या सत्येंद्रनाथ बोस केंद्रात अंजन बर्मन यांचा गट यावर वर्षानुवर्षं काम करतोय, २०२१ साली या क्षेत्राचा जो आंतरराष्ट्रीय रोडमॅप निघाला त्याचे पहिले लेखक तेच. तेव्हा थट्टेवारी नेणाऱ्यांनी जरा थांबावं, हे खेळणं नाहीये.

पण घोडं पेंड खातं ते दारात. आपला मोबाइल, मेमरी, नेटवर्क सगळं विजेवर चालतं, त्यामुळे आकडा विजेतून लाटेत आणायचा आणि उत्तर लाटेतून परत विजेत न्यायचं, हे दोन्ही करावंच लागतं. हा असा हायवे आहे की रस्ता फुकट, पण चढताना टोल आणि उतरतानाही टोल, आणि टोलनाके तुम्हाला वाटतात त्यापेक्षा फार महाग. आकड्यात सांगतो, कारण या वादात आकडे कोणी घालतच नाही. १० गिगाहर्ट्झच्या एका मॅग्नॉनची ऊर्जा इतकी कमी की हजार मॅग्नॉन एकत्र केले तरी ६.६ झेप्टोज्यूल होतात, आणि झेप्टो म्हणजे दशांशचिन्हापुढे वीस शून्यं देऊन मग आकडा. खोलीच्या तापमानाला नुसत्या उष्णतेची जी थरथर असते तीच ४ झेप्टोज्यूलच्या आसपास, म्हणजे याहून कमी मॅग्नॉन वापरून चालतच नाही, आवाजात बुडून जातील. आता पलीकडे ही लाट ऐकायला अँटेना आणि ॲम्प्लिफायर लावला, तो समजा फक्त १ मिलिवॉट खातो आणि १० नॅनोसेकंदच चालू ठेवला. खर्च झाला १० पिकोज्यूल, आणि पिको म्हणजे झेप्टोच्या शंभर कोटी पट. भाग देऊन बघा, लाटेच्या ऊर्जेच्या दीडशे कोटी पट! व्हिडिओत ६.६ झेप्टो दाखवतात, हे दीडशे कोटी दाखवत नाहीत. तुमच्या घरच्या बिलात कोणी फक्त बल्बच्या काचेतून निघालेल्या प्रकाशाचे पैसे लावले असते का?

यावर जाणकार लोक दोन उत्तरं देतात आणि दोन्ही दमदार आहेत. एक, करंटच्या अँटेनाऐवजी व्होल्टेजने लाट उठवणारे मॅग्नेटोइलेक्ट्रिक पदार्थ येतायत, टोल कमी होईल. दोन, प्रत्येक गेटला टोल द्यायची गरजच काय, एकदा आत शिरा, आतल्या आत शंभर गेटं पार करा आणि शेवटी एकदाच बाहेर या. पहिल्यावर मी एवढंच म्हणेन की खरंच येऊ देत, आनंद आहे. दुसऱ्यात मात्र ग्यानबाची मेख आहे. सिलिकॉनचं प्रत्येक गेट सप्लायमधून ताजी वीज घेऊन ० ला पक्का ० आणि १ ला पक्का १ करून पुढे पाठवतं, लाट मात्र प्रत्येक वळणाला थोडी दुबळी होते, थोडी मागेपुढे होते, आणि फेजवरच, म्हणजे लाट वरून सुरू झाली की खालून यावरच, सगळा डाव लावल्यावर मागेपुढे होणं परवडत नाही. मग मध्ये मध्ये तिला दम भरावा लागतो, म्हणजे पुन्हा पंप, पुन्हा वीज. शिवाय वेग. आखूड लाटा सेकंदाला किलोमीटरभर ते काही किलोमीटर जातात. ऐकायला भन्नाट वाटतं, पण १ किलोमीटर सेकंदाला म्हणजे १ मायक्रॉनला १ नॅनोसेकंद, तेवढ्यात ३ गिगाहर्ट्झच्या साध्या प्रोसेसरचे तीन ठोके पडून जातात. शंभर गेटं पार करेपर्यंत पलीकडचा सिलिकॉनवाला चहा पिऊन आलेला असेल.

आणि समजा हेही सगळं सुटलं, बेरीज अगदी फुकट झाली, तरी डेटा सेंटरचं बिल किती उतरेल? स्टॅनफर्डच्या मार्क होरोविट्झ यांनी २०१४ मध्ये ४५ नॅनोमीटरच्या चिपसाठी एक हिशेब मांडला होता, या क्षेत्रात तो सगळ्यांना तोंडपाठ आहे. ३२ बिटच्या दोन पूर्णांकांच्या बेरजेला ०.१ पिकोज्यूल, आणि तेवढाच एक आकडा बाहेरच्या डीरॅम मेमरीतून उचलून आणायला ६४० पिकोज्यूल. म्हणजे गणितापेक्षा ते सामान आणणं ६,४०० पट महाग! तेव्हापासून चिपा बदलल्या, आकडे बदलले, पण खर्च आकडे हलवण्यात होतो, आकडेमोडीत नाही, ही गोष्ट काही बदललेली नाही. एआयच्या मोठ्या मॉडेलांमध्ये तर अब्जावधी आकडे सतत मेमरीतून आत-बाहेर होत असतात. स्पिन वेव्हचा हाफ ॲडर हे दुखणं बरं करत नाही, तो भलत्याच जागी मलम लावतो.

म्हणून डेटा सेंटरचा वाद या लाटांच्या भरवशावर सोडणं मला धोक्याचं वाटतं. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाने २०२४ मध्ये जगभरच्या डेटा सेंटरांनी ४१५ अब्ज युनिट वीज खाल्ली, जगाच्या विजेच्या साधारण दीड टक्का, आणि २०३० पर्यंत हा आकडा ९४५ अब्जांवर जाईल असा त्यांचा अंदाज आहे. २०३० ला कुठला मॅग्नॉन प्रोसेसर दुकानात मिळणार आहे? १२ ऑक्टोबर २०२० आठवा, कळवा-पडघा लाइनींवर गडबड झाली आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई अंधारात, लोकल रुळावर उभ्या, लोक उतरून चालतायत. आपलं ग्रिड कुठे नाजूक आहे हे तेव्हा सगळ्यांना कळलं. त्यामुळे विचारायचं तर आज विचारा, की नवीन सेंटरला परवानगी देताना वाहिनी कुठून, सबस्टेशन कोणाच्या खर्चाने, थंड करायला मोरबे धरणाचं पिण्याचं पाणी की ऐरोली-कोपरखैरणेला शुद्ध करून मिळणारं सांडपाणी. हे महापालिकेचे आणि वीज नियामक आयोगाचे प्रश्न आहेत, फिजिक्सचे नाहीत. पुढे टेक्नॉलॉजी येईल आणि सगळं ठीक होईल, हे वाक्य ज्यांना आज उत्तर द्यायचं नसतं त्यांना फार सोयीचं असतं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, अशातली गत.

बरं, लाटेच्या फेजवर बहुमताने चालणारा कॉम्प्युटर ही काय आजची कल्पना आहे का? जपानने तो बनवून, विकून, बंद करूनही टाकलाय. टोकियो विद्यापीठात शिकणाऱ्या इइची गोटोने १९५४ मध्ये पॅरामेट्रॉन नावाचा घटक शोधला. फेराइट या चुंबकी पदार्थाची छोटी कडी, त्यावर गुंडाळी, एक कपॅसिटर. तिला दुप्पट फ्रीक्वेन्सीने हलवलं की ती दोनच प्रकारे डोलते, सरळ किंवा उलटी, म्हणजे ० किंवा १, आणि तीन कड्यांचे सिग्नल एकीत घातले की बहुमत. अगदी तेच! कॉम्प्युटरचा पाया घालणाऱ्या फॉन नॉयमानसारख्या माणसालाही त्याच सुमारास अशीच कल्पना सुचली होती. १९५८ पर्यंत पीसी-१ हे मशीन चालू झालं, कंपन्यांनीही पॅरामेट्रॉनची मशीनं बाजारात आणली. व्हॅक्यूम ट्यूबपेक्षा स्वस्त, जळत नाही, वर्षानुवर्षं टिकतं. (चुंबक तेव्हा कॉम्प्युटरमध्ये अगदी घरचा होता, आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये १९६० ला सुरू झालेल्या टिफरॅकची मेमरीही फेराइट कोअरचीच होती.) मग हरला का? हळू होता आणि त्याला हलवत ठेवायला सतत वीज लागायची. ट्रान्झिस्टर सुधारत गेला आणि साठचं दशक उजाडल्यावर थोड्याच वर्षांत पॅरामेट्रॉन म्युझियममध्ये. कल्पना चुकीची नव्हती, समोरचा रोज सुधारत होता. सिलिकॉनच्या अंगणात जाऊन सिलिकॉनशी कुस्ती खेळलेल्या बहुतेकांचं असंच झालंय.

इथे शंकेखोर काका खूश होऊन म्हणतील की मग आम्ही तेच तर सांगतोय, कशाला पैसा घालायचा? आणि त्यांच्या हातात याहूनही मोठा हुकमाचा पत्ता आहे, तो मीच टाकतो. बबल मेमरी. बेल लॅब्जमध्ये अँड्र्यू बोबेक आणि मंडळींनी साठच्या दशकाच्या शेवटी काढलेली, गार्नेटच्या पातळ थरात चुंबकाचे बुडबुडे सरकवून माहिती साठवायची. पदार्थ जवळपास यिगच्याच घराण्यातला, थर ज्यावर वाढवतात ती खालची चकती, म्हणजे वेफरही यिगचीच, गॅडोलिनियम गॅलियम गार्नेट. इंटेलने १ मेगाबिटची चिप काढली, मोठमोठ्या कंपन्या उतरल्या, ग्रिड कंपास नावाचा जो लॅपटॉप स्पेस शटलमधून गेला त्यात ही मेमरी होती. हार्ड डिस्क आणि सेमीकंडक्टर मेमरी दोन्ही बाजूंनी स्वस्त होत गेल्या आणि ऐंशीच्या दशकातच बबलचा बुडबुडा फुटला. कबूल. एकाच पदार्थावर दुसऱ्यांदा तोंड पोळून घ्यायचं का, हा प्रश्न रास्त आहे.

पण पुढे काय झालं ते बघा ना. बबल मेमरीसाठी गार्नेटचे निर्दोष थर वाढवायची जी विद्या लोकांनी कमावली, ती वाया गेली नाही. फायबर ऑप्टिकच्या लेझरमध्ये परत येणारा प्रकाश अडवायला आयसोलेटर लागतो, आणि त्याचं काळीज म्हणजे त्याच पद्धतीने वाढवलेला बिस्मथ घातलेला गार्नेट. तुमचा हा ग्रुपवरचा वाद ज्या फायबरमधून जातो त्याच्या टोकाला असल्याच गार्नेटचा तुकडा बसलेला असण्याची शक्यता भरपूर आहे. प्रॉडक्ट मेलं, भट्टी विझली नाही, आणि ज्यांच्याकडे भट्टी होती त्यांनीच पुढचा माल विकला.

आणि माझ्या मते या सगळ्या वादात जे उदाहरण कोणीच घेत नाही आणि जे सगळ्यात जास्त लागू पडतं ते आवाजाचं आहे. १९६५ मध्ये बर्कलीत व्हाइट आणि व्होल्टमर यांनी क्वार्ट्झच्या पृष्ठभागावर कंगव्याच्या दातांसारखे धातूचे पट्टे काढून विजेपासून पृष्ठभागावरची ध्वनिलहर उठवून दाखवली. आता त्या लहरीने कॉम्प्युटर बनवा असं कोणी म्हटलं असतं तर हसूच आलं असतं, सेकंदाला तीनेक किलोमीटर जाणारी लहर, कुठे धावणार. पण तिची संथ चालच तिचा गुण ठरली. हळू चालते म्हणून त्याच फ्रीक्वेन्सीला ती रेडिओ लहरीपेक्षा लाखभर पट आखूड होते, आणि हवी ती फ्रीक्वेन्सी चाळून घेणारे जे फिल्टर डब्याएवढे व्हायचे ते तांदळाच्या दाण्याहून लहान झाले. आधी टीव्ही सेटमध्ये शिरले, मग मोबाइलमध्ये, आज तुमच्या खिशातल्या ५जी फोनमध्ये ध्वनिलहरींचे असे फिल्टर डझनांनी आहेत. सिग्नल अँटेनातून येतानाच लाट असतो, त्याला ० आणि १ मध्ये बदलायच्या आधीच चाळून घ्यायचं काम लाटेनेच केलं. कोणाचीही जागा घेतली नाही, कोणाचा व्हिडिओही नाही, आणि धंदा अब्जावधी नगांचा. स्पिन वेव्हने या वाटेने का जाऊ नये?

ती जाऊ शकते, आणि कारण ठोस आहे. ध्वनिलहरींचे फिल्टर साधारण ६ गिगाहर्ट्झपर्यंत झकास चालतात, त्याच्या वर गेलं की पातळ पातळ थर लागतात, सिग्नल गळायला लागतो, आणि फोन-टॉवरची दुनिया नेमकी तिकडेच सरकते आहे. शिवाय तो फिल्टर फ्रीक्वेन्सीच्या एकाच पट्ट्याचा, दुसरा पट्टा हवा तर दुसरा फिल्टर, म्हणून तर फोनमध्ये डझनांनी कोंबावे लागतात. स्पिन वेव्हची फ्रीक्वेन्सी मात्र बाहेरचं चुंबकी क्षेत्र बदललं की बदलते, म्हणजे एकच फिल्टर हवा तिथे सरकवता येतो. हे नवीन नाही, मायक्रोवेव्ह लॅबमधल्या स्पेक्ट्रम ॲनालायझरच्या पोटात यिगची चकचकीत गोळी कित्येक दशकं हेच करते आहे, फक्त तिच्याभोवती वीज खाणारा ढब्बू इलेक्ट्रोमॅग्नेट असतो. २०२४ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या गटाने एकाच फ्रीक्वेन्सीवर टिकून राहायला वीजच लागत नाही अशी चुंबकाची रचना करून ३.४ पासून ११.१ गिगाहर्ट्झपर्यंत सरकणारा यिगचा फिल्टर दाखवला. उणिवा आहेतच, तो फोनमध्ये मावेल असा अजून नाही, चुंबक सोबत न्यावाच लागतो, आणि सिग्नलचा जोर वाढला की लाटा आपसात भांडून फुटायला लागतात, त्यामुळे पाठवायच्या बाजूला तो अवघड, ऐकायच्या बाजूला बरा. पण हे फुटणंसुद्धा कामाचं आहे. कोणी मुद्दाम जोरदार सिग्नल मारून रिसीव्हर आंधळा करायला बघत असेल तर यिग फक्त तेवढा जोरदार सिग्नल दाबतो आणि शेजारचा बारीक सिग्नल जाऊ देतो. संरक्षणवाल्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको. आणि मुख्य म्हणजे इथे दीडशे कोटी पटीचा टोल नाही. फिल्टरला लाटेतून आकडा वाचायचाच नाहीये, आत लाट, बाहेर लाट.

राहिला प्रश्न पैशाचा, आणि तो महाराष्ट्रात जरा हळवा विषय आहे. २०२२ मध्ये तळेगावचा वेदांत-फॉक्सकॉन प्रकल्प गुजरातला गेला म्हणून किती आरडाओरड झाली, पुढच्याच वर्षी फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली हे कोणी फारसं लक्षात ठेवलं नाही. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये तळोज्याच्या ८३,९४७ कोटींच्या चिप प्रकल्पाला राज्याने मंजुरी दिली, मग तीही बोलणी थंडावल्याच्या बातम्या आल्या. गुजरातेत धोलेऱ्याचा फॅब, म्हणजे चिपचा कारखाना, ९१,००० कोटींचा, तोही २८ नॅनोमीटरचा. हे आकडे ऐकून माणसाला वाटतं की चिपच्या जगात शिरायचं म्हणजे एवढंच तिकीट, आणि एवढं नसेल तर घरी बसा. आधी साधी चिप बनवा म्हणणाऱ्यांचा मुद्दा मला पटतो, २८ नॅनोमीटरमध्ये लाज वाटण्यासारखं काही नाही, गाड्यांपासून मीटरपर्यंत सगळीकडे तेच लागतं. पण एक झाल्यावरच दुसरं करायचं असा नियम कोणी केला? प्रगत चिपसाठी एएसएमएल या डच कंपनीचं चिपवर नक्षी छापणारं नवं हाय-एनए मशीन साधारण ३५ कोटी युरोंना पडतं. गार्नेटचा थर वाढवायला लागते ती भट्टी, लेड ऑक्साइडचा वितळलेला रस, ९०० अंशांच्या आसपासचं तापमान, त्यात हळूच बुडवून फिरवायची वेफर, शिशाची वाफ बाहेर नेणारी चिमणी आणि हे सगळं रोज त्याच पद्धतीने करणारा चिवट माणूस. शेवटची गोष्ट सगळ्यात दुर्मीळ, ती टेंडर काढून मिळत नाही, दहा-पंधरा वर्षं पगार देऊन तयार करावी लागते. उगाच नाही बबल मेमरी गेल्यावर जिथे ती माणसं टिकली ते देश पुढे गेले.

आणि पवईला आयआयटीच्या आवारात समीर ही सरकारी संशोधन संस्था आहे, मायक्रोवेव्ह हेच जिचं काम, तिचं एक केंद्र आपल्या खारघरला आहे. म्हणजे मोजणारे लोक हाकेच्या अंतरावर, वाढवणारे लोक मात्र शोधावे लागतात. माझ्या ओळखीतली ऐरोली-वाशीच्या कॉलेजांमधली इलेक्ट्रॉनिक्सची मुलं चार वर्षांत व्हीएलएसआयच्या, म्हणजे चिप डिझाइनच्या, सॉफ्टवेअरवर बटणं दाबून पास होतात, पण गिगाहर्ट्झचा खरा सिग्नल मोजणाऱ्या नेटवर्क ॲनालायझरला हात लावलेला मुलगा क्वचित सापडतो. दोष त्यांचा नाही, यंत्र कपाटात कुलूपबंद असतं, बिघडलं तर सर कोणाला उत्तर देणार.

घाई का, हेही सांगतो. ४ एप्रिल २०२५ ला चीनने सात रेअर अर्थ मूलद्रव्यांच्या निर्यातीवर नियंत्रण आणलं. सगळ्यांनी मोटारीच्या मॅग्नेटची चर्चा केली, पण त्या सातांच्या यादीत इट्रियमही होतं आणि गॅडोलिनियमही. म्हणजे यिग आणि तो ज्या वेफरवर वाढतो ती, दोन्ही एकाच दिवशी परवान्याखाली! आपल्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट या खनिजामध्ये हलकी रेअर अर्थ जास्त, ही दोन्ही कमी, तेव्हा आयआरईएल या रेअर अर्थ काढणाऱ्या सरकारी कंपनीकडे उद्या जाऊन पोतं भरून आणू असं होणार नाही. पण फिल्टरच्या थराला लागणारा माल मोटारीच्या मॅग्नेटसारखा टनावारी लागत नाही, जुन्या फॉस्फरमधून (प्रकाश देणाऱ्या लेपातून), मायक्रोवेव्हचा सिग्नल एकाच दिशेने फिरवणाऱ्या सर्क्युलेटरमधून इट्रियम परत काढता येतं, शुद्ध करायची विद्या अणुऊर्जा खात्याच्या घरात आहे. हे जोडून बघणारा माणूस कुठल्या फाइलवर बसलाय ते मला माहीत नाही, बहुतेक कुठल्याच नाही, कारण मॅग्नॉन म्हटलं की फाइल कॉम्प्युटरवाल्यांकडे जाते, तिथे तिला सिलिकॉनशी तोललं जातं आणि ती हरून परत येते. तीच फाइल रडार-टेलिकॉमवाल्यांकडे गेली तर तोलायला समोर सिलिकॉन नसतो, समोर असतात परदेशातून आणलेले फिल्टर आणि सर्क्युलेटर.

ग्राहक कोण, असं काका विचारणारच. ग्राहक आधीच रांगेत आहे, अनेक छोट्या अँटेनांनी बनलेल्या एईएसए रडारच्या एकेका तोंडाला शेकड्यांनी मॉड्यूल असतात आणि पाठवायचा सिग्नल ऐकायच्या बाजूला घुसू नये म्हणून त्यात फेराइटचा सर्क्युलेटर लागतो, टॉवरवरही लागतो. तिथून सुरुवात करा, मग फिल्टर, मग जोरदार सिग्नल दाबणारे लिमिटर. कॉम्प्युटरचं काम कोलकात्यात, व्हिएन्नात चालू राहू दे, त्यालाही थोडा पैसा द्या, तिथूनच माणसं तयार होतात. आणि कोणाला माझं पहिलं म्हणणं खोडायचं असेल तर रस्ता सरळ आहे. ३२ बिटचा ॲडर घ्या, अँटेना, ॲम्प्लिफायर, पंप, बायस मॅग्नेट (लाटेला लागणारं क्षेत्र देणारा चुंबक) सगळ्यांसकट चिपला वीज देणाऱ्या पिनवर मीटर लावा, बेरीज ०.१ पिकोज्यूलच्या आत बसवून दाखवा, आणि तीही १ नॅनोसेकंदात. मीटर लाटेवर लावायचा नाही, पिनवर लावायचा.